‘रोपण’ आणि ‘रुजणे’ : गोठविलेल्या भ्रूणाच्या उपचारचक्राविषयी

शरीराबाहेर फलन घडवून तयार केलेला भ्रूण अतिशीत अवस्थेत जतन करावयाचा आणि पुढील एखाद्या ऋतुचक्रात तो स्त्रीच्या गर्भाशयात ठेवावयाचा, या उपचारास मराठीत सामान्यतः ‘भ्रूण प्रत्यारोपण’ म्हटले जाते. पशुसंवर्धनातही हाच शब्द रूढ आहे. या उपचारात क्रमाने काय घडते ते सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. तथापि भाषेच्या अभ्यासकाने हा विषय हाती का घ्यावा, याचे उत्तर या एका शब्दातच आहे. ‘प्रत्यारोपण’ म्हटले की मराठी भाषकाच्या मनासमोर मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण उभे राहते : शस्त्रक्रिया, टाके, जोडलेला अवयव आणि तो निखळू नये म्हणून सक्तीची विश्रांती. येथे यांपैकी काहीही नाही. परंतु शब्दाने सुचविलेल्या चित्रावर विसंबून स्त्रिया अंथरुणाला खिळून राहतात, आणि गर्भ राहिला नाही तर जिना चढल्याचा किंवा जोराने शिंकल्याचा दोष स्वतःकडे घेतात. परिभाषेतील शैथिल्याची किंमत इतकी मोठी क्वचितच मोजावी लागते.

‘गोठविणे’ हा शब्दही तपासून घ्यावयास हवा. पाणी गोठते तेव्हा त्याचे स्फटिक होतात, आणि पेशीत असे स्फटिक झाले तर तिची हानी होते. आरंभीच्या काळात भ्रूण अतिशय मंद गतीने थंड करीत, व ही हानी टाळण्याची पराकाष्ठा करावी लागे. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत पेशीतील पाणी संरक्षक द्रव्यांच्या साहाय्याने बरेचसे काढून घेतात आणि भ्रूण एकदम उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनात बुडवितात. ही क्रिया इतक्या वेगाने होते की उरलेल्या पाण्यास स्फटिकरूप घेण्यास अवकाशच मिळत नाही. ते काचेसारखे घट्ट होते. म्हणून ‘काचीभवन’ हे तिचे अधिक यथार्थ नाव. या पद्धतीने जतन केलेल्या दहा भ्रूणांपैकी साधारणतः नऊ किंवा त्याहून अधिक भ्रूण पुन्हा ऊब दिल्यावर जिवंत राहतात. उरलेला एखादा राहत नाही, आणि क्वचित त्याच दिवशी उपचार थांबवावा लागतो. ही शक्यता स्त्रीला आधीच सांगितलेली असावी.

मुळात भ्रूण राखून का ठेवावयाचे? एका वेळी अनेक भ्रूण तयार झालेले असतात आणि सर्व एकदम गर्भाशयात ठेवणे जुळ्या-तिळ्यांच्या धोक्यामुळे इष्ट नसते, हे एक कारण. दुसरे असे की, अनेक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून दिलेल्या इंजेक्शनांमुळे त्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर पुष्कळदा अनुकूल राहत नाही. ही गोष्ट कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी फार लवकर ओळखली होती. त्यांनी ५३ दिवस जतन केलेला भ्रूण पुढील चक्रात वापरला, आणि त्यातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एक मुलगी जन्मास आली. शासननियुक्त समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या अशाच जन्माचे एक शिल्पकार डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे १९९७ मध्ये मुखोपाध्यायांच्या टिपणांचा अभ्यास करून त्यांचे श्रेय जाहीरपणे मान्य केले.

आता चक्राकडे वळू. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पाळी नियमित असेल तर शरीराचे स्वाभाविक चक्रच उपयोगात आणता येते : सोनोग्राफीने बीजकोशाची वाढ पाहावयाची, रक्ताच्या किंवा लघवीच्या तपासणीने बीज सुटण्याची वेळ निश्चित करावयाची, आणि पाच दिवसांचा भ्रूण असेल तर त्यानंतर सुमारे पाच दिवसांनी तो आत ठेवावयाचा. दुसऱ्या प्रकारात चक्र औषधांनी रचले जाते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुमारे दोन आठवडे इस्ट्रोजेन देतात. अस्तराची जाडी साधारणतः ७ मिलिमीटर किंवा अधिक झाली व त्याचे स्वरूप समाधानकारक दिसले, की प्रोजेस्टेरॉन सुरू करतात, आणि त्याच्या सहाव्या दिवशी भ्रूण ठेवतात. या रचित चक्रात बीज सुटलेलेच नसल्यामुळे शरीर स्वतः प्रोजेस्टेरॉन निर्माण करीत नाही. म्हणून गर्भ राहिल्यास ही औषधे सुमारे दहा ते बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवावी लागतात, आणि मनाने ती बंद करणे धोक्याचे असते. दिवस सोयीने ठरविता येणे हा या प्रकाराचा लाभ. परंतु त्यात गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचे विकार अधिक आढळतात असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. ज्या स्त्रीचे स्वाभाविक चक्र नियमित आहे तिने ‘माझ्यासाठी कोणता प्रकार आणि का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. अस्तर पुरेसे वाढले नाही तर चक्र मध्येच सोडून द्यावे लागते. दवाखान्यात याला ‘सायकल कॅन्सल झाली’ म्हणतात. त्यात भ्रूणाचे काहीच बिघडत नाही, कारण तो अद्याप नायट्रोजनातच असतो. पण ‘कॅन्सल’ हा शब्द ऐकणाऱ्यास ते सहसा उमगत नाही.

प्रत्यक्ष दिवस हा या सर्वांत लहान आणि सर्वांत साधा प्रसंग. भूल द्यावी लागत नाही. पोटावरून सोनोग्राफी करता यावी म्हणून बहुधा मूत्राशय भरलेले ठेवावयास सांगतात, आणि तीच काय ती मुख्य गैरसोय. बारीक, मऊ नळीने भ्रूण गर्भाशयात सोडतात. काही मिनिटांत काम संपते. हा भ्रूण एक ते दोन दशांश मिलिमीटर एवढाच असतो. गर्भाशयाची पोकळी म्हणजे रिकामी पिशवी नव्हे : तिच्या पुढच्या व मागच्या भिंती एकमेकींस टेकलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये भ्रूण विसावतो. उभे राहिल्याने, चालल्याने वा लघवीस गेल्याने तो बाहेर पडत नाही. नंतर पडून राहिल्याने यश वाढते असे अभ्यासांत आढळलेले नाही.

येथे व्याकरण उपयोगी पडते. वैद्य करतो ती क्रिया ‘ठेवणे’. हा सकर्मक धातू असून त्याचा कर्ता स्पष्ट आहे. त्यानंतर एक-दोन दिवसांत भ्रूण आपल्या कवचातून बाहेर येऊन अस्तरास चिकटू लागतो व पुढील काही दिवसांत त्यात शिरतो. ही क्रिया ‘रुजणे’, आणि हा धातू अकर्मक आहे. ‘रुजविणे’ हे प्रयोजक रूप मराठीत आहे खरे, परंतु येथे त्यास कर्ता मिळत नाही. वैद्य तो नव्हे आणि स्त्रीही नव्हे. ‘रोपण’ या शब्दाने नेमक्या याच दोन क्रिया एकत्र केल्या. भाताच्या लावणीत रोपाला मुळे आधीच फुटलेली असतात. भ्रूणाचे तसे नाही. याउलट आपल्या बोलीने ‘गर्भ राहणे’, ‘दिवस जाणे’ हे प्रयोग फार पूर्वीपासून वापरले आहेत. ‘तिला दिवस गेले’ या वाक्यात स्त्री चतुर्थीत आहे, कर्तेपणी नाही. भ्रूण न रुजण्याचे सर्वांत सामान्य कारण भ्रूणातीलच गुणसूत्रांचा दोष हे असते. त्या दृष्टीनेही बोली परिभाषेपेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते संमतिपत्रकात ‘भ्रूण गर्भाशयात ठेवणे’ एवढे साधे शब्द पुरेत. संस्कृत सामासिक शब्द घडविण्याचा मोह येथे आवरावा.

पुढचे नऊ ते चौदा दिवस प्रतीक्षेचे. या काळात शरीराची भाषा विश्वसनीय नसते. स्तन दुखणे, झोप येणे, पोट फुगणे ही गर्भधारणेची लक्षणे प्रोजेस्टेरॉनमुळेही होतात. थोडा रक्तस्राव झाला म्हणून सर्व संपले असे नाही, आणि काहीच जाणवले नाही म्हणूनही नाही. स्वाभाविक चक्रात बीज सुटण्यासाठी एच. सी. जी.चे इंजेक्शन दिले असेल, तर घरी लवकर केलेली लघवीची चाचणी त्या औषधामुळेच होकार दाखवू शकते. खरे उत्तर रक्ततपासणीचे, जिला रुग्ण व परिचारिका दोघीही ‘बीटा’ म्हणतात. तिचा एकच आकडा अनेकदा पुरेसा नसतो. ४८ तासांनी तो कसा वाढतो हे पाहतात, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीने गर्भाचे स्थान व हृदयस्पंदन तपासतात.

हे आठवडे मोजण्याची रीत प्रथम गोंधळात टाकते. पाच दिवसांचा भ्रूण ठेवला त्या दिवशीच गर्भावस्था दोन आठवडे पाच दिवसांची धरली जाते. मोजणी शेवटच्या पाळीपासून करण्याच्या जुन्या संकेताचे हे गणित. दहाव्या दिवशी होकार आला की स्त्रीला ‘चार आठवडे झाले’ असे सांगतात, आणि ती बोटे मोजत राहते.

नकार आला तर औषधे वैद्याच्या सांगण्यावरून थांबवितात व काही दिवसांत पाळी येते. शिल्लक भ्रूण असल्यास पुढील चक्राचा विचार करता येतो. बीजे काढण्याची प्रक्रिया पुन्हा करावी लागत नाही. भारतात २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्यानुसार भ्रूण दहा वर्षांहून अधिक काळ ठेवता येत नाहीत. त्यानंतर ते, दांपत्याची संमती असल्यास, नोंदणीकृत संस्थेस संशोधनासाठी देता येतात, अन्यथा नष्ट होऊ द्यावयाचे असतात. इंग्रजी मसुद्यातील क्रियापद ‘नष्ट करणे’ असे नसून ‘नष्ट होऊ देणे’ असे आहे, आणि मराठी संमतिपत्रक तयार करताना हा भेद राखला गेला पाहिजे, कारण सही त्याच वाक्याखाली करावयाची असते.