शीळफाट्याची धूळ आणि जास्वंदीवरचा पिठ्या

जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याणचा रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता जिथे भेटतात, त्या शीळफाट्यावर गेली काही वर्षं खोदकामाला खंड नाही. कल्याण-शीळ रस्ता सहापदरी झाला, पलावाचा उड्डाणपूल आला, सप्टेंबर २०२५ मध्ये घणसोली ते शीळफाटा हा बुलेट ट्रेनचा बोगदा आरपार झाला. माणसं या धुळीला सरावली. पानांचं तसं नसतं.

२००८ साली कोइम्बतूरजवळ एक परदेशी पिठ्या ढेकूण सापडला आणि २०१० मध्ये तो पुणे परिसरात पोहोचला. तो ओळखला जातो पपईवरची कीड म्हणून, पण जास्वंद आणि चाफाही त्याला चालतो. शेंड्यावर कापसासारखा थर, खालची पानं चिकट, त्यांवर काळी बुरशी आणि खोडावर मुंग्यांची रांग. अंगावरच्या मेणामुळे फवारणी त्याला फारशी लागत नाही. २०१० मध्येच बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी प्वेर्तो रिकोहून त्याचे परोपजीवी कीटक आणून सोडले आणि पपईच्या बागा सावरल्या.

पण हे मित्रकीटक धुळीत नीट काम करू शकत नाहीत. अंगावरची धूळ झटकण्यातच त्यांचा वेळ जातो. उलट लाल कोळी या किडीला कोरडी, तापलेली, धुळकट पानं मानवतात.

त्याच दशकात मुंबईतले पर्जन्यवृक्ष वाळू लागले. तिथेही पिठ्या ढेकणाचं नाव पुढे आलं. मात्र अनेक झाडांची मुळं बुंध्यापर्यंत काँक्रीटखाली होती. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातून एक अभ्यास आला: शहरातल्या उष्ण जागी ओकच्या झाडांवर खवले कीड थंड जागांपेक्षा १३ पट अधिक होती. पाण्याच्या ताणात झाडाच्या रसातलं नत्र किडीला सहज मिळतं, असा विचार टी. सी. आर. व्हाइट यांनी १९६९ मध्येच मांडला होता.

कीड मात्र फक्त ताणामुळेच येत नाही. १९९१ मध्ये पीटर प्राइस यांनी उलट बाजू दाखवली: जोमाने वाढणारी झाडंही काही किडींना आवडतात. गॅलरीतल्या कुंडीत युरियाची मूठ जास्त पडली की गुलाबाची पालवी लुसलुशीत होते आणि तिच्यावर मावा चढतो. कण्हेर एरवी चिवट, पण छाटणीनंतर फुटलेल्या तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा हमखास दिसतो.

जूनच्या सरींनी पानं धुतली की लाल कोळी ओसरतो. दिवाळीनंतर कल्याण-शीळ रस्ता सुकतो, धूळ उडू लागते. आता कल्याण-तळोजा मेट्रोचं काम सुरू आहे. ते संपलं की दुभाजकात पुन्हा झाडं लागतील, दोन सिमेंटच्या भिंतींमधल्या उथळ मातीत.