समुद्रकिनारा कसा निवडावा?

सातपुड्याच्या पोटात वसलेले धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. तेथे सुटीचा विचार निघाला म्हणजे सहसा तोरणमाळाचे नाव पुढे येते; थंड हवा, यशवंत तलाव आणि घरापासून फारसे दूर नाही, अशी तिन्ही सुखे तेथे एकत्र मिळतात. परंतु ज्या मुलाने समुद्र केवळ भूगोलाच्या पुस्तकात पाहिला आहे, ते केव्हा ना केव्हा हट्ट धरतेच. मग वडील माणसे नकाशा उघडून बसतात. चांदसैलीचा घाट उतरावा, नंदुरबारला आगगाडी पकडावी, सुरतेस उतरावे आणि डुमसचा किनारा गाठावा, हा सर्वांत सोपा मार्ग. जवळचा तोच बरा, ह्या न्यायाने निवड होऊन जाते.

डुमसला पोहोचल्यावर मुलाचा चेहरा मात्र उतरतो. पुस्तकातला समुद्र निळा होता. हा मातकट आहे. वाळू पांढरी असावयाची, ती काळसर आहे. हे असे का, ह्याचे उत्तर त्या मुलाच्या घराजवळच सापडते. अक्राणीच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते, जिल्ह्याच्या दक्षिण भागातून तापी वाहते, आणि दोघीही खंबायतच्या आखातास मिळतात. सातपुड्याचा काळा पाषाण युगानुयुगे झिजून ह्या नद्यांवाटे समुद्रात गेला. आता तापीवर उकाई आणि नर्मदेवर सरदार सरोवर अशी धरणे असल्यामुळे पुष्कळ गाळ वाटेतच अडतो. तरी तळाशी साचलेला जुना गाळ भरतीओहोटीने रोज ढवळला जातो. तेव्हा तेथले पाणी गढूळ दिसते ते केवळ घाणीमुळे, असे समजू नये. डुमसला मुठीत घेतलेल्या वाळूत सातपुड्याचा थोडा तरी भुगा असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

गढूळपणापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. खंबायतचे आखात दक्षिणेस रुंद व उत्तरेकडे निमुळते होत गेलेले आहे. नरसाळ्यात ओतलेल्या पाण्याप्रमाणे भरतीचे पाणी त्यात कोंडून चढते. भावनगरपाशी उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी ह्यांच्या पातळीत दहा मीटरांहून अधिक अंतर पडते. कॅनडातील फंडीच्या उपसागरात हेच अंतर सुमारे सोळा मीटरांपर्यंत जाते, आणि तो जगातील उच्चांक गणला जातो. उलट भूमध्य समुद्रात ते बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरापेक्षाही कमी असते. फ्रान्समधील नीस येथे माणसे दिवसभर एकाच जागी आसन मांडून बसतात ह्याचे रहस्य हेच. तेथे वाळूऐवजी गोटे आहेत खरे, पण समुद्र आपली जागा सोडीत नाही. मुंबई व कोकण ह्या दोहोंच्या मधले. येथे पाणी काही मीटरच चढते-उतरते. पण सपाट पुळणीवर तेवढ्यानेही समुद्र पुष्कळ मागे सरतो आणि तितकाच पुढे येतो.

म्हणून सुरतेकडचा किनारा पाहावयास जरूर जावे, स्नानाच्या हेतूने जाऊ नये. ६ एप्रिल १९३० रोजी महात्मा गांधींनी जेथे मीठ उचलले ते दांडी गाव नवसारीजवळ ह्याच किनाऱ्यावर आहे. मुलांना तेवढे एक स्थळ दाखविले तरी प्रवासाचे सार्थक होते.

स्नानाची हौस असेल तर कोकणाकडे वळावे. तेथेही नावाला भुलून चालत नाही. साधारण नियम असा, की जाड वाळूचा किनारा उताराचा असतो आणि बारीक वाळूचा सपाट असतो. उताराच्या किनाऱ्यावर चार पावलांत तळ पायाखालून नाहीसा होतो. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसावयास अत्यंत रमणीय, परंतु पोहणाऱ्यास धोक्याचा आहे. दक्षिणेकडे मालवण-तारकर्लीस पावसाळ्यानंतर पाणी बरेच नितळ मिळते. काळ्या पाषाणाचा प्रदेश त्या बाजूस संपत येतो, हेही त्याचे एक कारण असावे.

भरतीची वेळ काढण्यास कोकणातील माणसाला छापील कोष्टक लागत नाही. भिंतीवरील पंचांग पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास अजमासे निघतो. चतुर्थीस तीन वाजता भरती, अष्टमीस सहा वाजता. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाला पाणी कमी चढते व कमी उतरते. खंबायतच्या आखातात मात्र भरती उशिरा पोहोचत असल्याने हा हिशेब तेथे लावू नये. कोकणातही तो अंदाज आहे, घड्याळ नव्हे.

आता डोंगरातल्या माणसास विशेष सांगावयाचे ते असे. नदीकाठचे मूल लहानपणीच पोहावयास शिकते आणि त्याला पाण्याचे भय राहत नाही. पण नदी एकाच दिशेने वाहते. तिचा काठ दोन्ही हातांना असतो. समुद्राला काठ एकच. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी वाळूच्या दांड्यांमधील एखाद्या खळगीतून एकवटून परत जाते, आणि तेथे आत नेणारी ओढ लागते. अशा जागी लाटा फुटत नाहीत, पाणी वरून शांत दिसते. नवखा माणूस नेमकी तीच जागा पसंत करतो. ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजत येण्याने दम तुटतो. किनाऱ्याला समांतर असे बाजूस पोहत जावे. ओढ अरुंद असते, ती सुटली म्हणजे मग किनारा धरावा. पोहता येत नसेल त्याने गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडला पुण्याहून सहलीस गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती, म्हणजे भांग होते, उधाण नव्हते. हिवाळा होता, वादळ नव्हते. पाऊणपटीने पाहिले तर दुपारी भरती चढत होती. एवढ्या गोष्टी अनुकूल असूनही जे घडले ते घडले. सपाट किनाऱ्यावर पाणी मागे गेले की माणूस नकळत फार आत चालत जातो, आणि चढणारे पाणी त्याच्या पाठीमागचे सखल भाग आधी भरू लागते. पंचांग वेळ सांगते. किती आत जावे हे ते सांगत नाही.

ह्यास उपाय एकच, तो म्हणजे राखणदार असलेला किनारा. ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळ बॉन्डाय येथे ६ फेब्रुवारी १९३८ रोजी लागोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनी शेकडो स्नानार्थींना खोल पाण्यात ओढून नेले. सुमारे अडीचशे लोकांना वाचवावे लागले आणि पाच दगावले. पाचच दगावले, कारण शिकविलेले जीवरक्षक तेथे हजर होते. लाल-पिवळ्या निशाणांच्या दरम्यानच उतरावे, ही त्या देशातील शिस्त आज इतरत्रही पसरली आहे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर असे जीवरक्षक नेमलेले आहेत. स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना डेन्मार्कमधील एक संस्था ‘ब्लू फ्लॅग’ हे मानचिन्ह देते. २०२० साली ते प्रथम मिळालेल्या आठ भारतीय किनाऱ्यांत द्वारकेजवळचे शिवराजपूर व दीवचे घोघला हे दोन आहेत. धडगावच्या माणसास गुजरातेतून तिकडे जाणे कोकणापेक्षा फारसे अवघड नाही. मात्र हे चिन्ह कायमचे नसते, ठरावीक मुदतीने पुन्हा मिळवावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

ऋतूविषयी वाद नाही. जून ते सप्टेंबर समुद्र टाळावा. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, तोवर ते स्वतःही थांबलेले असतात. त्यानंतरही खवळलेपण पुरते ओसरावयास काही आठवडे लागतात.

राहता राहिला सुटीचा प्रश्न. दिवाळीतील लक्ष्मीपूजन अमावास्येस आणि होळी पौर्णिमेस. म्हणजे घरोघरी सवड मिळते ती नेमकी उधाणाच्या तोंडावर. होळीला तर धडगावचा माणूस भोंगऱ्याचा बाजार सोडून कोठे जाणार? दिवाळीत मात्र आठवडाभर थांबून कार्तिक शुद्ध सप्तमी-अष्टमी साधावी. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. सकाळ किल्ला पाहण्यात घालवावी, आणि जेवण उरकून तीन वाजता, निशाण पाहून, मुलांना घेऊन पाण्याच्या कडेला उतरावे.