पेत्राचे पहिले पत्र

पेत्राचे पहिले पत्र हे बायबलच्या नव्या करारातील एक पत्र आहे. मूळ पत्र ग्रीक भाषेत असून त्यात ५ अध्याय व १०५ वचने आहेत. ख्रिस्तावरील श्रद्धेमुळे निंदा, संशय व छळ सोसणाऱ्यांनी देवावर विसंबून कसे जगावे, हा या पत्राचा मुख्य विषय होय. दुःख सोसणे या अर्थाचे ‘पास्खो’ हे ग्रीक क्रियापद नव्या करारातील इतर कोणत्याही पुस्तकापेक्षा या लहानशा पत्रात अधिक वेळा येते.

लेखक व काळ

पत्राच्या प्रारंभी लेखक म्हणून येशूचा शिष्य पेत्र याचे नाव आहे. पत्र सिल्वानाच्या हस्ते लिहिल्याचा आणि ‘बाबेल’ येथून सलाम पाठविल्याचा उल्लेख शेवटी येतो. बाबेल हे येथे रोम शहराचे सांकेतिक नाव असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंपरेनुसार पेत्राचा मृत्यू सम्राट नीरोच्या कारकिर्दीत रोममध्ये झाला. त्यामुळे पत्र त्याचेच मानल्यास ते इ.स. ६० च्या दशकातील ठरते. गालील प्रांतातील एका कोळ्याची ग्रीक भाषा इतकी सफाईदार असेल का, अशी शंका घेऊन अनेक आधुनिक अभ्यासक ते पेत्राच्या नावाने पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेले असे मानतात. भाषेचे श्रेय सिल्वानास देऊन काही जण पारंपरिक मताचे समर्थन करतात.

वाचक व विरोधाचे स्वरूप

पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया या रोमन प्रांतांतील मंडळ्यांना उद्देशून आहे. हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानात येतो. वाचकांना लेखक ‘परदेशी’ व ‘प्रवासी’ म्हणतो. स्वतःच्याच गावात परके ठरलेल्या लोकांची स्थिती या शब्दांतून व्यक्त होते.

त्या काळी साम्राज्यभर एकाच वेळी राबविलेला छळ अस्तित्वात नव्हता. तसा आदेश प्रथम सम्राट डेशियसच्या काळात, इ.स. २५० च्या सुमारास निघाला. पत्रातील वर्णनावरून विरोध मुख्यतः स्थानिक व सामाजिक होता, असे दिसते. घरातील देवतांची पूजा, नगराचे उत्सव व व्यवसायबंधूंच्या मेजवान्या यांपासून दूर राहणारी माणसे शेजाऱ्यांना समाजविघातक वाटत. पूर्वीचे सोबती आता चकित होऊन निंदा करतात, असे चौथ्या अध्यायात म्हटले आहे. मात्र असा संशय न्यायासनापर्यंत पोहोचू शकत असे. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया-पंतचा राज्यपाल धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून, केवळ ‘ख्रिस्ती’ हे नावच दंडनीय मानावे की त्या नावाशी निगडित गुन्हे, असे विचारले होते. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागल्यास लाज बाळगू नये, असे पेत्राच्या पत्रात सांगितले आहे. ‘ख्रिस्ती’ हे नाव संपूर्ण नव्या करारात केवळ तीन ठिकाणी आढळते; त्यांपैकी हे एक होय.

देवावरील विश्वासाचा विचार

संकट म्हणजे देवाने केलेला त्याग, ही समजूत पत्र नाकारते. अग्नीत सोने पारखले जाते त्याप्रमाणे संकटात श्रद्धा पारखली जाते, ही उपमा पहिल्या अध्यायात येते. मात्र प्रत्येक दुःख पवित्र मानलेले नाही. खून, चोरी किंवा दुष्कृत्य यांबद्दल भोगावी लागणारी शिक्षा आणि श्रद्धेपायी सोसलेला छळ यांत लेखक स्पष्ट भेद करतो.

येशूचे उदाहरण या विचाराच्या केंद्रस्थानी आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या वर्णनाच्या आधारे लेखक सांगतो, की येशूने निंदेला निंदेने उत्तर दिले नाही व आपला निवाडा न्यायी देवावर सोपविला. चौथ्या अध्यायाच्या शेवटी वाचकांनाही आपले जीव विश्वसनीय निर्माणकर्त्याच्या स्वाधीन करण्यास सांगितले आहे. येथील ग्रीक क्रियापद मौल्यवान वस्तू विश्वासू माणसाकडे ठेव म्हणून देण्यासाठीही वापरले जाई. त्याच वाक्यात सत्कर्म करीत राहण्याची अट असल्यामुळे हा विश्वास निष्क्रिय ठरत नाही. श्रद्धेचे कारण विचारणाऱ्यास सौम्यतेने उत्तर देण्याची तयारी ठेवावी, असेही तिसऱ्या अध्यायात सुचविले आहे.

पाचव्या अध्यायात चिंतांचा भार देवावर टाकण्याचा उपदेश आहे. त्यामागे ५५ व्या स्तोत्राचा आधार आहे. यातील ‘टाकणे’ या अर्थाचे क्रियापद नव्या करारात अन्यत्र एकदाच येते : लूकच्या शुभवर्तमानात शिष्य शिंगरावर आपली वस्त्रे टाकतात तेथे. पाठोपाठ सावध राहण्याची सूचना येते. चिंतामुक्ती म्हणजे बेसावधपणा नव्हे, असा तिचा रोख आहे.

टीका व मतभेद

दासांनी कठोर धन्याच्याही अधीन राहावे आणि पत्नींनी पतीच्या अधीन असावे, हे उपदेश विशेष वादग्रस्त ठरले आहेत. इतिहासात गुलामगिरीच्या समर्थनार्थ अशा वचनांचा वापर झाला. अन्याय करणाऱ्यास सहनशीलतेच्या उपदेशाचा लाभ होतो, असा स्त्रीवादी व मुक्तिवादी अभ्यासकांचा आक्षेप आहे. याउलट, कायदेशीर अधिकार नसलेल्या दासांना थेट संबोधून लेखकाने त्यांची तुलना ख्रिस्ताशी केली, ही त्या काळात असाधारण गोष्ट होती, याकडे अन्य अभ्यासक लक्ष वेधतात. सोसणाऱ्याला धीर देणारे वचन दुसऱ्याने त्याच्यावर लादल्यास त्याचा अर्थ बदलतो, हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे.

प्रभाव व मराठी अनुवाद

स्मुर्णा येथील बिशप पॉलिकार्प याने दुसऱ्या शतकात फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात या पत्राचा वापर केलेला दिसतो. पुढे पॉलिकार्पलाही श्रद्धेसाठी मृत्युदंड झाला. मराठीत नव्या कराराचा अनुवाद विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने १८११ मध्ये सेरामपूर येथून प्रसिद्ध झाला. धर्मांतरानंतर तीव्र टीका सोसलेल्या पंडिता रमाबाई यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यात या पत्राचाही समावेश आहे.