घाशीराम मेला, पण नानाचे काय?

आमच्या घाटकोपरच्या वस्तीतील तरुण मंडळींनी मागे विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाचे वाचन ठेवले होते. शेवटी जमाव घाशीरामाला दगडांनी ठेचतो, तेव्हा समाजमंदिरात टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर दहावीतल्या एका मुलीने विचारले, “पण नानाला कोणीच कसं काही म्हणत नाही?” आम्ही मोठी माणसे गप्प झालो.

हे नाटक १९७२ साली डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्यात रंगभूमीवर आले. चोरीचा खोटा आळ आणि अपमान सोसलेला घाशीराम सूडाने पेटतो. पोटची मुलगी गौरी नाना फडणवीसांच्या हवाली करून तो पुण्याची कोतवाली मिळवतो आणि शहरावर जुलूम करतो. मुलगीही हकनाक मरते. अखेर कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मरतात आणि जमाव नानांच्या वाड्यावर येतो. नाना घाशीरामाला जमावाच्या हाती देण्याचा हुकूम देतात आणि वर उत्सवही जाहीर करतात! कोठडीतील मृत्यू व कोतवालाची हत्या १७९१ साली खरोखर घडली. मात्र हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनीच सांगितले होते. म्हणून आम्ही बोलतो ते नाटकातल्या नानांविषयी.

घाशीराम निर्दोष नव्हता. अपमानाचे चटके सोसलेला माणूस सत्ता मिळताच तेच चटके दुसऱ्याला देतो, ही त्याची शोकांतिका. पण त्याला कोतवाल कोणी केले? आम्ही कारकुनी करणारी माणसे. सही वरच्याची आणि मेमो खालच्याला, हा न्याय आम्हाला नवा नाही. हाताखालच्याच्या जुलमाचा फायदा घ्यायचा आणि अंगाशी आले की त्यालाच पुढे ढकलायचे, ही वाईट राज्यकर्त्याची खूण होय.

मग चांगला राज्यकर्ता कसा असतो? बोरिवलीहून विरार गाडीने जाता येते त्या सोपाऱ्यात १८८२ साली सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. याच अशोकाचा एक लेख दूर ओडिशात धौली येथे आहे. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात तो तोसली नगरीच्या न्यायाधिकाऱ्यांना बजावतो की कोणालाही विनाकारण कैद किंवा छळ होता कामा नये. ते पाहण्यासाठी दर ५ वर्षांनी अधिकारी पाठवीन, असेही सांगतो. शिवाय तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख वाचून ऐकवावा, अशी आज्ञा करतो. कलिंगात लाखभर माणसे मारली गेल्याचा पश्चात्तापही त्याने स्वतःच्या नावाने दगडावर कोरविला. नानांच्या राज्यात दगड कोतवालावर पडले. अशोकाने आपली चूक दगडावर लिहिली.

तरीही बंधू-भगिनींनो, चांगला राजा मिळणे हा नशिबाचा भाग झाला. राजा गेला की त्याचा चांगुलपणाही जातो. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेल्या संविधानाने आपल्याला कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. कलम २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम वेगळे आहेत. एवढे तरी प्रत्येक घरात मुलांना पाठ असावे.

त्या मुलीला आम्ही आता सांगू, “बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. टाळ्या वाजवण्याआधी आम्हीच विचारायला हवे होते की हुकूम कोणाचा होता?”