प्रेषित, मिशनरी आणि सुवार्तिक

अकोले तालुक्यातील राजूरच्या बाजारात उद्या कोणी ख्रिस्ती धर्माचा उपदेश करू लागला, तर आपण त्यास ‘मिशनरी’ म्हणून मोकळे होऊ. मठाधिपती, कीर्तनकार आणि गावचा उपाध्याय यांस आपण कधी एका नावाने संबोधीत नाही. मग दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलतानाच ही ढिलाई का असावी?

‘प्रेषित’ हा ज्या ग्रीक शब्दाचा प्रतिशब्द आहे, त्याचा अर्थ ‘पाठविलेला’. लॅटिनमधील ‘पाठविणे’ या धातूपासूनच ‘मिशनरी’ हा शब्द निघाला. अर्थ एकच, भेद आहे तो पाठविणारा कोण, यात. प्रेषितांस स्वतः ख्रिस्ताने निवडले, अशी श्रद्धा आहे. यहूदाची रिकामी जागा भरताना पुनरुत्थानाचा साक्षी असणे ही अट होती, आणि तीनुसार मत्थियाची निवड झाली. पौल त्या बारांतला नव्हे. तथापि ख्रिस्ताने आपणास दर्शन देऊन पाठविले, या आधारावर तो स्वतःस प्रेषित म्हणवी. म्हणूनच पुष्कळ मंडळ्यांच्या मते हे पद त्या पिढीबरोबरच संपले. अलीकडे काही नव्या मंडळ्यांचे पुढारी मात्र ते नाव लावतात.

मिशनरीस धाडते ती मंडळी किंवा संस्था. याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ते राजूरच्याच जिल्ह्यात आहे. अमेरिकेतील बोस्टनच्या संस्थेचे मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, त्यांनी ठाणे घातले. त्यांस वेतन देणारी आणि त्यांच्याकडून कामाचा हिशेब घेणारी ती संस्थाच होय.

स्थानिक मंडळी उभी राहिली की तिचा सांभाळ करणारा ‘पाळक’ लागतो. नगरास १८५४ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस ही दीक्षा मिळाली. दोघेही जन्माने ब्राह्मण. ते परदेशाहून पाठविलेले नव्हते, म्हणून त्यांस मिशनरी म्हणणे चूकच.

‘सुवार्तिक’ म्हणजे शुभवर्तमान सांगणारा. जेथे मंडळीच नाही तेथे तो जातो, ऐकवितो व पुढल्या गावाची वाट धरतो. नव्या करारात फिलिप्पास हे विशेषण आहे. चार शुभवर्तमानांच्या लेखकांसही जुन्या परंपरेत हेच नाव दिलेले आढळते.

या भेदांची किंमत काय, हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रावरून कळते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेण्यास आणखी पाच वर्षे लागली. नगरास मिशनच्या सेवेत राहून टिळकांनी अध्यापन केले, भजने रचिली, आणि १९०४ साली त्यांस दीक्षाही मिळाली. परंतु १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, वेतनावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात जागा होती. ज्या घरात मिळवता पुरुष एक आणि खाणारी तोंडे अनेक, तेथे या त्यागाचे वजन निराळे सांगावयास नको. मिशनचा वेतनदार सेवक आणि कोणाच्याही वेतनाविना ख्रिस्ताचा संदेश सांगणारा, या दोन भूमिकांतील अंतर त्यांनी स्वतःच्या संसारावर जोखून पाहिले. १९१९ साली ते निवर्तले.

पुढे नगरच्या या मंडळ्यांपैकी पुष्कळ १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. तेथे दीक्षित सेवकांच्या पायऱ्या तीन: बिशप, प्रेस्बिटर व डीकन. नावे पुन्हा बदलली, तरी ओळखण्याची कसोटी तीच राहते. कोणाही उपदेशकाविषयी मत बनविण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: यास पाठविले कोणी, हा पोसला जातो कोणाकडून, आणि हा सांभाळतो कोणास? उत्तरे मिळाली की योग्य नाव आपोआप सुचते. आणि परक्याच्या धर्मातील माणसास त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे, हा शिष्टाचारही आहे व न्यायही.