रूळ नाहीत, एसटी आहे

जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत रेल्वेचं एकही स्टेशन नाही. मुंबईला जायचं तर एसटीनं माळशेज घाट उतरून कल्याण गाठायचं, पुढे लोकल. पुणे-नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्ग नारायणगावच्या बाजूनं जात होता. आडवी आली ती खोडदची जीएमआरटी वेधशाळा. ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी इथं अवकाशातले अतिक्षीण संकेत टिपतात आणि विजेवरच्या गाडीमुळे त्यात खरखर मिसळते. म्हणून मार्ग बदलायचं ठरलं. कारण पटण्यासारखं, तरी हळहळ वाटतेच. रेल्वे येईपर्यंत भिस्त एसटीच्या लाल परीवर. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट. फक्त वयाच्या पुराव्याचं ओळखपत्र जवळ ठेवा.