पद्मिनी रोज चालवायची असेल तर : जुन्या गाडीची देखभाल आणि अपग्रेड, सोप्या भाषेत

जुनी प्रीमियर पद्मिनी दिसली की हल्ली लोक फोन बाहेर काढतात. रील बनते, लाइक येतात आणि खाली एक प्रश्न हमखास असतो : "अशी गाडी घेऊन रोज वापरता येईल का?"

मी खारदांड्यात राहतो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि घरची पेट्रोल पद्मिनी घेऊन ऑफिसला जातो. त्यामुळे माझं उत्तर : हो, येईल. पण ही गाडी तुम्हाला एकही नोटिफिकेशन पाठवणार नाही. काय बिघडतंय ते तुम्हालाच ओळखावं लागेल. ते कसं ओळखायचं, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आज बघूया.

आधी ही गाडी काय आहे ते समजून घ्या

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना आपल्या कुर्ल्यात. इटलीच्या फियाट ११०० वर आधारलेल्या गाड्या तिथे बनू लागल्या आणि १९७० च्या दशकात त्याच गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. म्हणून जुनी माणसं आजही तिला 'फियाट'च म्हणतात.

पेट्रोल मॉडेलचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. पेट्रोल आणि हवा मिसळायला कार्बोरेटर, ठिणगीला डिस्ट्रिब्युटर, ताकद मागच्या चाकांना. सेन्सर नाहीत, ईसीयू नाही, ओबीडी पोर्ट नाही. म्हणजे ब्लूटूथ स्कॅनर लावून फोनवर एरर कोड बघायची सोय नाही. त्याऐवजी आवाज, वास आणि काटे यांच्यावरून निदान करायचं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे पत्रा सडला तर फक्त दिसणं बिघडत नाही, गाडीची ताकदच जाते.

खारी हवा : पहिला शत्रू

खारदांडा म्हणजे कोळीवाडा. एका बाजूला समुद्र, वाळत घातलेली मासळी आणि हवेत कायम मीठ. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज लागतोच. पण मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे तिचा वेग वाढतो. वर मिठातले क्लोराइड पत्र्यावरचा संरक्षक थर फोडतात. दादरला जो पत्रा दहा वर्षं टिकेल, तो इथे तेवढा टिकेल असं धरून चालू नका.

उपाय साधे आहेत, पण ते नियमित करावे लागतात :

- आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडीचं पोट आणि चाकांच्या कमानी धुवा. वरून चमकवणं नंतर.
- दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. ती तारेने मोकळी ठेवा. दारं बहुतेक वेळा आतूनच सडतात.
- महिन्यातून एकदा मॅट उचलून फ्लोअर बघा. मॅटखाली ओल दिसली तर काचेच्या रबरातून पाणी येतंय का ते तपासा.
- प्लास्टिकचं कव्हर नको. आत वाफ कोंडते. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या.
- गंजावरून काळं अंडरकोटिंग मारू नका. गंज आत वाढत राहतो, फक्त दिसायचा थांबतो. आधी खरवडा, सडलेला पत्रा कापून नवा लावा, मग प्रायमर आणि कोटिंग.

गाडी विकत घेत असाल तर चकचकीत रंगाला भुलू नका. जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांचे माउंट आणि बॅटरीची तबकडी बघा. इंजिन दुरुस्त होतं. पाट्यांच्या माउंटजवळ पत्रा भुसभुशीत असेल, तर ती गाडी सोडून द्या.

ठिणगी : एका सेकंदात शंभर वेळा

इंजिनमध्ये ठिणगी पाडायला इग्निशन कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. त्यासाठी कॉइलचा प्रवाह नेमक्या क्षणी तोडावा लागतो. जुन्या गाडीत हे काम 'पॉइंट' करतात. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला छोटा यांत्रिक स्विच.

चार सिलिंडरच्या इंजिनला प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. ३,००० आरपीएमला मिनिटाला ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. इतक्या वेळा उघडझाप करणारा स्विच झिजणारच. फट बदलली की टायमिंग सरकतं, गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि सकाळी चोक देऊनही कुरकुरते.

दोन पर्याय आहेत. एक, दर काही हजार किलोमीटरला फिलर गेजने फट तपासा आणि पॉइंट, कंडेन्सर बदला. दोन, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. त्यात पॉइंटच्या जागी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर येतो. काही घासत नाही, म्हणून झिजत नाही. रोजच्या गाडीसाठी हा सगळ्यात फायद्याचा बदल. मात्र जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. मॉड्यूल रस्त्यात गेलं तर ते दुरुस्त होत नाही. पॉइंट मात्र पॉलिश पेपरने घासून घरापर्यंत आणतात.

ई-२० पेट्रोल आणि जुनं रबर

आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनी बनली तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तीन गोष्टी होतात :

१. जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फुगतो किंवा चिरतो. गरम इंजिनजवळ पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

२. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये गंज. इथे रोज चालवणाऱ्याला फायदा आहे, कारण त्याचं पेट्रोल शिळं होत नाही.

३. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणजे ई-२० मध्ये ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी. नवी गाडी सेन्सर वाचून इंधनाचं प्रमाण वाढवते. कार्बोरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं.

म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सहन करणारे घ्या. पाइपवर 'एसएई जे३० आर९' असा छाप असतो, तो बघून घ्या. डायफ्रॅम बदला, मध्ये फिल्टर टाका आणि मिश्रण जाणकार मिस्त्रीकडून पुन्हा लावून घ्या. पीयूसीचा आकडा इथे कामाला येतो. या जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. तुमचा आकडा मागच्या वेळेपेक्षा एकदम बदलला, तर कार्बोरेटर काहीतरी सांगतोय.

गाडीत पेट्रोलचा वास आला तर "नंतर बघू" करू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

वायरिंग : इथे तुमचा फोनवाला मेंदू वापरा

हेडलाइट मिणमिणते वाटतात म्हणून लोक स्वस्त एलईडी घेतात. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता काही नीट दिसत नाही. खरं कारण बहुधा वेगळं असतं. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. हा सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून आणि गंजलेल्या जोडांमधून जातो, वाटेत व्होल्टेज पडतं. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्के कमी होतो.

यावर उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेवर चालणारा स्विच. तुमचा जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि मोठा प्रवाह बॅटरीतून फ्यूजमार्गे जाड वायरने थेट दिव्याला जातो. बल्ब तेच, उजेड वेगळा.

यूएसबी चार्जर किंवा जीपीएस ट्रॅकर लावताना दोन नियम पाळा. प्रत्येक वायरला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज हवा. आणि गाडी बंद असताना किती मिलिअँपिअर ओढले जातात ते मोजा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी होईल.

एक साधं व्होल्टमीटरही खूप सांगतं. इंजिन बंद असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ म्हणजे चार्जिंग ठीक. तुमच्या गाडीत जुना डायनॅमो असेल तर सिग्नलला हा आकडा पडेल, कारण कमी आरपीएमला डायनॅमो फारसा चार्ज करत नाही. पावसात वायपर, लाइट आणि एस. व्ही. रोडचं ट्रॅफिक हे तिन्ही एकत्र आले की अल्टरनेटरची किंमत कळते.

हौस असेल तर ईएसपी३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर लावून रेडिएटरचं तापमान फोनवर बघता येतं. सेन्सर १२५ अंशांपर्यंत मोजतो, म्हणजे पुरेसा आहे. मात्र बोर्डाला १२ व्होल्ट थेट देऊ नका, मध्ये चांगला कन्व्हर्टर हवा. आणि डॅशवरचा मूळ काटा काढू नका.

ब्रेक : इथे काटकसर नाही

चारही चाकांना ड्रम ब्रेक, एबीएस नाही, एअरबॅग नाही. साचलेल्या पाण्यातून बाहेर पडलं की ड्रम ओले असतात आणि पहिले एक-दोन ब्रेक लागतच नाहीत. पाण्यातून आल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून सुकवा. पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. मिस्त्रीला एक प्रश्न नक्की विचारा : "मास्टर सिलिंडर सिंगल आहे की टँडम?" सिंगल असेल तर एका चाकाकडे गळती झाली तरी चारही ब्रेक जाऊ शकतात. तशा गाडीत हँडब्रेक नेहमी पकडणारा हवा. पुढच्या दोन्ही सीटना तीन पॉइंटचे बेल्ट नसतील तर ते पत्र्याला पाठीमागून मजबुती देऊन बसवा. स्टिरिओ त्याच्यानंतर.

कागदपत्रं : हे नीट वाचा

खासगी पेट्रोल गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण आणि पर्यावरण कर. आपल्या भागासाठी अंधेरी आरटीओ. एप्रिल २०२२ पासून कारचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० झालं. दिल्लीतला १५ वर्षांचा पेट्रोल नियम मुंबईत नाही.

आता एक मुद्दा जो रीलमध्ये कुणी सांगत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळू शकतो. अगदी सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयाला पोचल्यात. नंबर छान दिसतो. पण विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच परवानगी. ऑफिसला न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच करा.

इंजिन बदलणं, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट हे सगळं मंजुरी आणि आरसीवर नोंद करूनच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इथे लागू होतं. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

मिस्त्री आणि सुटे भाग : खरी मुदत इथे आहे

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. अनेकांना फक्त आठवण म्हणून वाईट वाटलं. आम्हा गाडीवाल्यांचं नुकसान वेगळं होतं. हजारो टॅक्सी होत्या म्हणून क्लच प्लेटपासून वॉटर पंपापर्यंत सगळं स्वस्तात मिळायचं आणि नाक्यानाक्यावर जाणकार हात होते. ती मागणी संपली.

कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसची दुकानं इथे अजून शोधता येतं. माझा नियम असा : धातूचे भाग दिसले की घेऊन ठेवा, रबराचे लागतील तेव्हाच ताजे घ्या. डिस्ट्रिब्युटर कॅप, स्टब अ‍ॅक्सल, वॉटर पंपाची बॉडी कपाटात टिकतात. ब्रेकचे वॉशर आणि पाइप न वापरताही म्हातारे होतात.

माणसांचा साठा मात्र करता येत नाही. माझी गाडी बघणारे काका सत्तरीकडे आलेत. कार्बोरेटर ते कानाने लावतात आणि त्यांच्याकडचं काहीही कुठे लिहिलेलं नाही. म्हणून ते काम करतात तेव्हा मी विचारून व्हिडिओ घेतो. वायर सोडवण्याआधी फोटो, बदललेला भाग, तारीख आणि किलोमीटर एका शीटमध्ये. फोनचा या गाडीला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच. तुमच्याकडे अशी गाडी आणि असा मिस्त्री असेल, तर हे काम या रविवारीच सुरू करा.

थोडक्यात वेळापत्रक

- रोज : गाडीखाली डाग, पेट्रोलचा वास, ब्रेक पेडल.
- आठवड्याला : इंजिन ऑइल, थंड इंजिनवर रेडिएटरचं पाणी, टायरची हवा, खालून धुणं.
- महिन्याला : ग्रीसिंग, फॅन बेल्ट, बॅटरीचे टर्मिनल, अर्थच्या वायरी, मॅटखालचा पत्रा.
- मे महिन्यात : वायपर, दारांची रबरं, ब्रेक उघडून साफसफाई, गंजाची डागडुजी.
- दर दोन वर्षांनी : ब्रेक ऑइल आणि पेट्रोलच्या पाइपांची तपासणी.

यातलं आठवड्याचं काम करायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तुमच्याकडे नसेल, तर पद्मिनी रविवारी फिरवा आणि ऑफिसला ट्रेनने जा.